घड्याळ ह्यांच्या मनगटावर, आजार माझा

आजारी माणसाला बघायला जाताना आमच्याकडं कुणी रिकाम्या हातानं जात नाही. गेल्या दसऱ्याच्या आसपास आमच्या घरी एवढे बिस्किटांचे पुडे जमले की ते ठेवायला मला पोह्यांचा डबा रिकामा करावा लागला. लोक यायचे, आमच्या ह्यांना कॉटवर बसवायचे आणि विचारायचे, "काय व्हतंय?" हे म्हणायचे, "काय न्हाई, झोप व्हत न्हाई." मग सगळे माना हलवायचे आणि मी आत सगळ्यांसाठी चहा ठेवायचे. आजारी खरं तर मी होते. पण ते कुणालाच माहीत नव्हतं, मला तर अजिबात नाही. ज्या एका माणसाला माहीत होतं, तो कॉटवर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

हे लिहायचं खूळ माझं नाही. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुरेखाताई, बायका माझ्याकडून रात्री लावायचं मशीन घेऊन जातात आणि लाजेपायी कपाटात ठेवतात. मी सांगून थकले. तुम्ही बोलता तसं लिहा, मी त्यांना वाचायला देईन." मी ब्लाऊज शिवणारी बाई. माझं लिहिणं मापं टाकण्यापलीकडं कधी गेलं नाही. पण बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, म्हणून बसले लिहायला. डॉक्टरकीचं मी काही सांगणार नाही, ते डॉक्टरांकडूनच ऐका. आमच्या घरात काय काय झालं तेवढं सांगते.

फौजी काका

माझं माहेर म्हसवड आणि सासर वाळवा तालुक्यातलं, उसातलं गाव. लग्न झालं तेव्हा हे फौजेत गाडीवर होते. वर्षाकाठी सुट्टीवर यायचे, काळी ट्रंक घेऊन, आणि माणसाची नीट ओळख होईतोवर परत जायचे. आमची मुलगी ऋतुजा अशीच सुट्ट्या मोजत मोठी झाली. हे पेन्शनीत आले तेव्हा मला वाटलं, आता माणूस घरात राहील. माणूस राहिला, पण त्याला करमेना. सकाळी उठून अंगण झाडायचे, ते झालं की माझी शिवायची कापडं रंगाप्रमाणे लावून ठेवायचे. त्यामुळं गिऱ्हाईक दारात आलं की मला काही सापडायचं नाही.

मग त्यांना शाळेची बस मिळाली आणि घर सुटलं. म्हणजे मी सुटले. पोरं त्यांना फौजी काका म्हणायची. बस रोज धुवायचे. एखादं पोर दारात दिसलं नाही तर हॉर्न वाजवायचे नाहीत, उतरून हळू हाक मारायचे, कारण त्या घरात कुणी तान्हं झोपलेलं असेल. संध्याकाळी घरी आले की कोण कुणाशी भांडलं, कुणाचा दात पडला, सगळं मला सांगायचे. फौजेतल्या इतक्या वर्षांचं जेवढं बोलले नसतील तेवढं ह्या बसचं बोलायचे.

आणि एका सकाळी पोरं शाळेत सोडून रिकामी बस परत आणताना त्यांचा डोळा लागला. बस रस्ता सोडून खाली उतरली, आरसा बाभळीला घासला, तेवढंच. दुसरा कुणी असता तर आरसा बदलून गप्प बसला असता. ह्यांनी बस तिथंच लावली, चालत शाळेत गेले, किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मला गाडीवर झोप येतीय. पोरं घालू नका माझ्या गाडीत."

मुख्याध्यापक चांगले. म्हणाले, "दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मी बदली माणसावर भागवतो. तोवर डॉक्टरांचा कागद आणा, बस तुमचीच. नाही आणलात तर मला कायमचा ड्रायव्हर बघावा लागेल." हे घरी आले आणि त्यांनी अंगण झाडलं. सकाळी एकदा झाडलेलं होतं. बस गेली तर हा माणूस पुन्हा त्या केरसुणीवर येणार, हे मला दिसत होतं.

झोपेचा रोलकॉल

ऋतुजा शिरवळला एका कंपनीत कामाला आहे. शनिवारी आली ती घड्याळ घेऊन. काळा रबरी पट्टा, वेळेपेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त दाखवणारं. ते हातात घालून झोपायचं, म्हणजे माणूस कधी झोपला, कधी जागा झाला, छातीचे ठोके किती, सगळं मोबाईलवर येतं. तिनं ते स्वतःच्या मोबाईललाही जोडून घेतलं. हे म्हणाले, "झोपेचाबी रोलकॉल व्हय?" पण घातलं. आदेश मिळाला की पाळायचा, ही सवय गेलेली नाही.

सोमवारी तिचा फोन. "आई, पप्पा रात्रभर जागेच आहेत गं." झोप निळी आणि जागेपण लाल, अशी त्या ॲपमध्ये एक पट्टी येते. मी बघितली. कापडावर खडूनं टाके आखावेत तशा एकीला लागून एक लाल रेघा. रोज तेच.

माझा त्या घड्याळावर विश्वास बसला नाही, त्याला कारण घडलं. एका सकाळी हे मोरीत गेले असताना घड्याळ फळीवर होतं. मी बघावं म्हणून हातात चढवलं आणि तसंच भाकरी करायला बसले. पाचसहा भाकरी झाल्या असतील, तर ऋतुजाचा फोन. "आई, पप्पा एवढ्या सकाळी कुठं चालायला गेलेत? झोप नाही आणि एवढं चालायचं?"

मी म्हणाले, "तुझे पप्पा मोरीत हायत. त्या भाकरी हायत."

भाकरी थापण्याला ते घड्याळ पाऊल समजत होतं. ती तिकडं इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी विचारलं म्हणे काय झालं. हसून झाल्यावर म्हणाली, "आई, तू पण एक रात्र घालून झोप ना, गंमत म्हणून." मी म्हणाले, "बांगड्यांत अडकतं ते. आन मला काय धाड भरलीय? मी पाठ टेकली की झोपते." आणि मला त्याचा फार अभिमान होता.

आता खरं सांगते. मी पाठ न टेकताही झोपायचे. शिलाई मशीनवर झोपायचे, टीव्हीसमोर झोपायचे, एकदा हळदीकुंकवात एक बाई उखाणा घेत होती तिच्यासमोर बसल्या बसल्या झोपले. सकाळी उठले की डोकं ठणकायचं, बाम चोळून ओढणी घट्ट बांधायची आणि मग दिवस सुरू. रात्रीतून दोनतीनदा उठावं लागायचं. बीपीची गोळी नुकतीच लागली होती. बाहीचं माप घेऊन वळले की विसरायचे. हे सगळं वयानं होतं असं मी ठरवून टाकलं होतं. वाचणाऱ्या बाईला ह्यातलं काही ओळखीचं वाटलं तर तिनं ओढणी सोडावी आणि डॉक्टर गाठावा.

माझी डॉक्टरकी

घड्याळ काही म्हणो, बस वाचवायची होती. मी कंबर कसली. रात्री जायफळ घातलेलं दूध. तळपायाला तेल. संध्याकाळचा चहा बंद. म्हसवडला जाऊन सिद्धनाथाचा अंगारा आणला, तो उशीखाली. मोबाईल रात्री माझ्या ताब्यात. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे दुपारी झोपायचं नाही. हे जेवण करून जरा लवंडले की मी खांद्याला हात लावून उठवायचे. "दिवसा झोपल्यावर रात्री कशी लागंल? उठा, लसूण सोला." हे बिचारे उठायचे आणि लसूण सोलायचे.

लाल रेघा तशाच. माझी जाऊ मंदाक्का शेजारीच राहते. ती म्हणाली, "मनाला काय तरी लागलं असंल गं त्यांच्या. फौजेतली मानसं, आतल्या आत ठेवत्यात." ते माझ्या डोक्यात बसलं. मी खोदून खोदून विचारलं, "मनात काय हाय?" एकच उत्तर, "काय न्हाई." शेवटी एक दिवस माझा तोल गेला. मी म्हणाले, "बर्फात झोप लागली, वाळवंटात लागली, आन सवताच्या घरात लागंना. म्हंजे घरच नकोसं झालंय तुमाला. मी नकोशी झालीय." हे उभे राहिले, दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, "तसं न्हाई गं सुरेखा." त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

सांगली

ऋतुजानं सुट्टी टाकली आणि आम्हाला सांगलीला झोपेच्या डॉक्टरांकडं नेलं. झोपेचाही डॉक्टर असतो हे मला तिथं कळलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, साध्या. त्यांनी मोबाईल हातात घेतला आणि म्हणाल्या, "घड्याळ बघून मी औषध देत नाही, ते काही डॉक्टर नव्हे. पण कधी कधी बोट बरोबर ठिकाणी दाखवतं." मग त्या बराच वेळ त्या रेघा बघत राहिल्या. मी तेवढ्यात माझ्या जायफळाचं सगळं सांगून घेतलं.

"विश्वासराव," त्या म्हणाल्या, "तुम्हाला झोप लगेच लागते. ठोके चांगले आहेत. तरी थोड्या थोड्या वेळानं कुणीतरी हाक मारल्यासारखे तुम्ही जागे होता. रात्री काय होतं? कोण उठवतं तुम्हाला?"

हे खिडकीकडं बघायला लागले. "कुणी न्हाई. मीच उठतो."

"का?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ऋतुजाकडं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडं. "मॅडम, जरा भाईर बोलू का?"

"भाईर कशाला?" मी म्हणाले. "काय असंल ते माझ्यासमोर बोला."

हे साहेबाला रिपोर्ट द्यावा तसे ताठ बसून म्हणाले, "हिचा श्वास थांबतो."

हे पुढं सांगत गेले. "घोरती. लय घोरती. मग एकदम बंद. आवाज न्हाई, छाती हालत न्हाई. मी खांदा हलवतो, मग ती कूस बदलती आन परत सुरू व्हतं. परत थोड्या वेळानं तसंच. मला झोप लागली आन त्या टायमाला मी उठलो न्हाई तर..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

अशा वेळी बाईला काय वाटायला पाहिजे? मला भीती वाटायला पाहिजे होती. मला राग आला. पोटच्या पोरीसमोर, शिकलेल्या बाईसमोर, हा माणूस म्हणतो मी घोरते. मी म्हणाले, "मी घोरत न्हाई."

ऋतुजा म्हणाली, "आई, तू घोरतेस. मी लहानपणापासून ऐकते. मला वाटायचं सगळ्यांच्या आया घोरतात."

डॉक्टरीणबाईंनी ओठ आवळून हसू गिळलं आणि ह्यांना विचारलं, "मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"येकदा बोललोवतो. लग्नाच्या पयल्या वर्सी, चेष्टेत, चार माणसांसमोर. ही लय रडली. बोलली न्हाई माझ्यासंगं, आन त्यातच सुट्टी संपली. गाडीत बसून ठरवलं, ह्यावर परत तोंड उघडायचं न्हाई."

मला ते आठवतही नव्हतं.

"आणि कधीपासून जागताय?"

"पेन्शनीत आल्यापास्नं. आधी कमी थांबायचा, आता लय वाढलंय." हे जरा हसले. "फौजेत पाळी असायची मॅडम. दोन तास पहारा झाला की बदलीचा जवान यायचा, आपण जाऊन झोपायचं. हितं बदलीला कुणी न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. ऋतुजा उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मला फक्त एवढंच आठवत होतं की मी ह्या माणसाला दुपारीसुद्धा झोपू दिलं नव्हतं.

वायरी

मग पेशंट बदलला. ह्यांचं नाव खोडून माझं लिहिलं. एक रात्र दवाखान्यात झोपायचं आणि मशीननं सगळं मोजायचं, असं ठरलं. सिस्टरनं माझ्या डोक्याला, छातीला, पायाला वायरी चिकटवल्या. वेणीत वायरी, कपाळाला चिकटपट्ट्या, नाकाखाली नळी. आरशात बघून मला हसू आलं. मग दिवा गेला आणि हसूही गेलं. पलीकडच्या खोलीत बसून एक अनोळखी बाई माझं घोरणं ऐकणार, ह्या लाजेनं मी डोळे टक्क उघडे ठेवून पडले. थोड्या वेळानं भिंतीवरच्या स्पीकरमधून सिस्टरचा आवाज आला, "ताई, मी रोज ऐकते हो. काल एक वकीलसाहेब होते, खिडक्या वाजत होत्या. झोपा तुम्ही." त्यावर मी झोपले.

हे बाहेर बाकावर होते. घरी जा म्हटलं तर गेले नाहीत. सकाळी सिस्टर मला म्हणाली, "तुमचे मिस्टर असे गाढ झोपले होते की झाडणाऱ्या मावशींनी त्यांचे पाय उचलून बाकाखालचं झाडलं. तरी जाग नाही." ऋतुजानं मोबाईल पुढं केला. त्या रात्रीची पट्टी सगळी निळी. लाकडी बाक, डास, वर ट्यूबलाईट, आणि झोप पहिल्या दर्जाची. त्या रात्री पहाऱ्याला सिस्टर होती ना.

रिपोर्ट आला. झोपेत माझा गळा आतून मिटत होता, श्वास अडत होता आणि रक्तातला ऑक्सिजन कमी होत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरायचं नाही. वजन थोडं उतरवा आणि रात्री हवेचं मशीन लावून झोपा. आधी भाड्यानं न्या, जमलं तर विकत घ्या." आणि ह्यांना म्हणाल्या, "तुम्हाला काही झालेलं नाही. ह्या नीट झोपल्या की तुम्ही झोपाल. मग या, कागद देते." म्हणजे आता ह्यांची बस माझ्या नाकावर अवलंबून होती.

मशीन यायला दोन दिवस होते. त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली, खरी भीती. जोवर माहीत नव्हतं तोवर मी डाराडूर झोपत होते. आता डोळा लागायला आला की मी दचकून उठायचे, आता थांबला की काय. हे बाजूला होते. म्हणाले, "झोप. मी हाय." हे तीन शब्द ते नेहमीच म्हणायचे, मी कधी त्याकडं लक्ष दिलं नव्हतं. त्या रात्री मी तोंड फिरवून खूप रडले आणि मग झोपले.

सोंड

मशीन म्हणजे चपलेच्या खोक्याएवढी पेटी, एक लांब नळी आणि नाकावर बसणारा मास्क, तो डोक्यामागून पट्ट्यांनी बांधायचा. मी तो चढवला तेवढ्यात मंदाक्का आली. दारातच थांबली. म्हणाली, "आगं बया. गणपती बसलाय जणू." ती चेष्टेत बोलली, पण मला लागलं. संध्याकाळी मी मशीन कपाटात ब्लाऊजपिसांच्या खाली ठेवलं. म्हणून म्हणते, कपाटात ठेवणाऱ्या बायका मला चांगल्या कळतात.

ह्यांनी रात्री अंथरूण घातलं, उशी भिंतीला उभी केली आणि तिला टेकून बसले, झोपायचं नाही अशा बेतानं. मी थोडा वेळ बघितलं. मग उठून कपाट उघडलं.

तरी गाडी रुळावर येईना. मास्क लावला की नाकाच्या बाजूनं हवा सुटायची, शिट्टी वाजायची, मी चिडून काढून टाकायचे. ह्या मशीनचंही ॲप आहे. त्यात रोज सकाळी एक लाल खूण, हवा गळते म्हणून. ऋतुजा शिरवळहून फोनवर ओरडायची, "पट्टा आवळ." मी आवळला. गालावर वळ उठले, शिट्टी तशीच. सिस्टरनं व्हिडिओवर बघितलं, म्हणाली बसलाय तर बरोबर. दिवाळी झाली. भाऊबीज झाली. सुट्टी संपत आली. हे रोज एकदा शाळेच्या फाटकावरून चक्कर मारून यायचे, बस धुतलीय का बघून. म्हणायचे, "न्हाई धुतलेली."

एका दुपारी ह्यांनी मला कॉटवर निजवलं, मास्क लावला, मशीन सुरू केलं आणि वाटीत पाणी घेऊन आले. बोट बुडवून मास्कच्या कडेनं सावकाश फिरवत गेले. ट्यूबचं पंक्चर असंच शोधतात, ओल्या बोटाला हवा गार लागते. डाव्या नाकपुडीशी बोट थांबलं. "हितं हाय," म्हणाले. मास्कची कड माझ्या चमकीवर चढत होती, आणि त्या फटीतून सगळी हवा निघून जात होती.

चमकी माझ्या नाकात आईनं लग्नाआधी घातलेली. त्या दिवसापासून ती नाकातच. आईनं सांगितलेलं, नवरा आहे तोवर बाईनं नाक रिकामं ठेवायचं नाही, आणि हा नवरा तर सीमेवर. तो कुठं असेल, कसा असेल काही कळायचं नाही, तेव्हा रात्री मी चमकीला हात लावून बघायचे आणि मग झोपायचे. तपासणीच्या रात्रीही सिस्टरला मी खोटंच सांगितलं होतं की फिरकी रुतलीय, निघत नाही. आताही म्हणाले, "दुसरा मास्क आणा. मी चमकी काढणार न्हाई."

"का?"

"तुमी हायसा म्हणून."

हे हसले. घड्याळाचा हात माझ्या डोळ्यांसमोर धरला. लाल बदामाचं चित्र आणि बाजूला ठोक्यांचा आकडा, वरखाली होत होता. म्हणाले, "हे बघ, चालू हाय. मी जित्ता हाय का न्हाई, हे रातभर आता हे मोजतंय. पार शिरवळपतूर खबर जाती. चमकीला जरा सुट्टी दे."

मी तो आकडा बघत राहिले. इतकी वर्षं ज्याची खबर पत्रानं, मग फोननं यायची आणि कधी कधी कशानंच यायची नाही, त्याच्या काळजाचा एकेक ठोका माझ्या नाकापुढं दिसत होता. मी म्हणाले, "काढा मग."

फिरकी खरंच रुतली होती. निघेना. ह्यांनी माझ्या शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला आणि गाडीचा बारीक नट काढावा तशी, जीभ दाताखाली धरून, ती सोडवली. नाक हलकं लागलं. चमकी आता रात्री बॉबिनच्या डबीत झोपते आणि सकाळी अंघोळ झाली की नाकात परत येते. त्या रात्री मास्क लावला. शिट्टी नाही. मी डोळे मिटले आणि उघडले तेव्हा उजाडलं होतं. डोकं दुखत नव्हतं. मी ओढणी हातात घेऊन बसले आणि मला कळेना की हिचं आता करायचं काय.

पुढचं

मी लगेच बरी झाले, ह्यांना वेळ लागला. माझ्याकडून आवाज येत नाही म्हटल्यावर ते जास्तच दचकून उठायचे. उठायचे, मास्कजवळ हात नेऊन हवा चालू आहे का बघायचे, मग पडायचे. लाल रेघा कमी झाल्या, गेल्या नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सवय आहे, जाईल. मशीनला आमच्या घरी नाव पडलं, बदलीचा जवान. मंदाक्का आता आपल्या नवऱ्यालाही एकदा दाखवून आणू म्हणते. मला बघायला बिस्किटं घेऊन कुणी आलं नाही, घोरण्याला आजार म्हणत नाहीत ना. मी आधीचीच खाल्ली.

कागद मिळाला. सुट्टी संपायच्या आत ह्यांनी तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि किल्ली उचलली, मग दिवसभर बस धुतली. पण माझ्यासाठी हा आजार त्याआधीच, एका सकाळी संपला. तेवढं सांगून थांबते.

मला जाग आली तर खिडकीत चांगलं ऊन होतं. मास्क काढला, कूस बदलली आणि बघते तर हे झोपलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्या माणसाला झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं. रात्री माझ्यानंतर झोपायचे, सकाळी माझ्याआधी उठायचे. मला वाटायचं फौजी माणूस ताठ झोपत असेल. तर हे पालथे, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर, केस सगळे उभे. बाहेर दूधवाला ओरडला, तशी मी पळत जाऊन त्याला गप्प केलं. अंगण झाडायचं राहिलं होतं, राहू दिलं.

तेवढ्यात ऋतुजाचा फोन. आवाज घाबरलेला. "आई, पप्पांचं घड्याळ अजून निळंच दाखवतंय. इतका वेळ कधीच नाही दाखवत. सगळं ठीक आहे ना? जरा हलवून बघ त्यांना."

मी दारातून आत बघितलं. पाठ वरखाली होत होती, सावकाश, एका लयीत. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"ठीक हाय गं," मी हळू आवाजात म्हणाले. "मी हाय. झोपू दे त्यांना."